वाट्यात गेलेली फरहीनची पेटी

इंदापूर, ईदचा चौथा दिवस

हिंदुराव,

सलाम आणि रामराम, दोन्ही घ्या. बनावहिनींची कंबर कशी आहे? माझी विचारू नका. ईदच्या दिवशी दोनदा बारामती केली, एस.टी.नं, उभ्यानं.

आमची फरहीन पुण्यात प्रथिनांवर संशोधन करते. (नेमकं काय, ते मलाही आत्ताच कळलं.) दोन प्रथिनं एकमेकांना धरून बसतात, ती कुठं धरतात ते शोधायचं. त्यांना मोठ्या चुंबकात घालून रेडिओ लहरींनी डिवचलं की एकेक अणू आपापल्या सुरात ओ देतो, आणि जिथं पकड असते तिथला सूर जरा सरकतो. मी म्हणालो, हे तर मी तीस वर्षं करतोय, मोटारीला कान लावला की कुठलं बेअरिंग गेलं ते सांगतो. तर म्हणाली, "व्हय अब्बा, फकस्त माझी मोटार दिसत न्हाय."

चार महिने खपून केलेला तो माल तीन बारीक नळ्यांत, बर्फाच्या थर्माकोल पेटीत घालून ती हैदराबादच्या चुंबकाकडं निघाली होती. (चुंबकाची पाळी सहा महिन्यांतून एकदा येते.) वाटेत ईद, म्हणून घरी उतरली. आता कुर्बानीच्या मटणाचे वाटे नातेवाइकांना आम्हीही थर्माकोलच्या पेट्यांतूनच धाडतो, मेडिकलवाला फुकट देतो म्हणून. फरहीन मैत्रिणींकडं गेली आणि आमच्या पोरानं, आरिफनं, वाटा समजून तिची पेटी बारामतीला माझ्या बहिणीच्या, गौहरच्या, दारात नेऊन ठेवली. तो पुढचे वाटे पोचवायला गेलेला, म्हणून एस.टी. धरून मी पळालो.

गौहर उंबऱ्यातच उभी. "दिलेला वाटा परत मागाय आलाय व्हय, भाईजान? मी तर झाकण बी उघडलं न्हाय!" मी प्रथिनांचं समजावलं. म्हणाली, "मग मटनात काय दगडं असत्यात?" खरा वाटा आणल्याशिवाय पेटी देईना. परत इंदापूर, परत बारामती. उंबऱ्यावर एका हातानं वाटा दिला, दुसऱ्या हातानं पेटी घेतली. चहा मिळाला नाही. फरहीन संध्याकाळच्या गाडीनं पेटी घेऊन गेली, तिला यातलं काही माहीत नाही.

थकलो, हिंदुराव. तब्येतीला जपा.

तुमचा,
सरदार

ता.क. मूळ काम राहिलं. निकाल वाकडा आला तर पोरगी स्वतःचीच चूक शोधत बसेल, पुन्हा चार महिने. तिला खरं कळायला हवं. माझं तोंड होत नाही, तुम्ही काका म्हणून फोन करा. आरिफला बोल लावू नका. पेट्या त्याच्या गाडीला मीच बांधल्या होत्या.

ता.क. दुसरा. फोन करू नका. तिचाच आला. पेटीत दर पाच मिनिटांनी नोंद करणारा थर्मामीटर होता म्हणे. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी झाकण उघडलेलं, तीन अंश चढलेले. पण माल शाबूत, सूर स्वच्छ आले, पकड सापडली. त्या वेळी पेटी बारामतीत होती, म्हणजे गौहरनं उघडून बघितलं होतं. तिला वाटलं असणार, भावानं ईदला तीन नळ्या पाणी पाठवलं, वर तेही परत मागायला आला! तिच्याकडं तुम्हीच एकदा जाऊन या. थर्मामीटरचं बोलू नका. चहा मिळाला तर कळवा, मग मी जातो.