लाख भरलेला मणी

अप्पा, तुम्ही घडवलेल्या बोरमाळेतला एक मणी मागच्या महिन्यात माझ्या हातून फुटला. मणीच तो, बोराएवढा. पण त्यानं आठ दिवस माझ्या घशाखाली भाकर उतरू दिली नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली, चुका आठवल्या, रडूही आलं, पण तुमची भीती कधी वाटली नव्हती. ती वाटली, म्हणून लिहायला बसले आहे.

माळ खजुरीच्या एका म्हातारीची. नातीचं लग्न ठरलंय, तिच्या गळ्यात घालायची म्हणून ती आळंदच्या बसनं घेऊन आली. एका मण्याचा सांधा केसाएवढा उकलला होता. तिच्या लग्नात तुम्हीच घडवलेली, हे तिनं सांगायच्या आधीच मी ओळखलं होतं. भोकाभोवती अशी पिळाची बारीक तार तुमच्याशिवाय कोण बसवत होतं? म्हातारी समोर पाटावर बसून राहिली. आपल्याकडं सोनं कुणी नजरेआड करत नाही, सोनार सख्ख्या बहिणीच्या नथीतलंही काढतो असं तोंडावर म्हणून वर चहा मागतात. तुम्ही अशा बोलण्यावर हसायचात, आणि त्या दिवशी एक भाकर कमी खायचात.

त्यावर तुमचं एकच उत्तर असायचं. पातळ पत्र्याचा मणी चेपू नये म्हणून बरेच कारागीर आत लाख भरतात. सांगून भरली तर त्यात गैर काही नाही, न सांगता भरली तर गिऱ्हाईक लाखेलाच सोनं समजून वजन करतं. तुम्ही मात्र पत्रा जाड घ्यायचात आणि मणी पोकळ ठेवायचात. "माझ्या मण्यात लाख न्हाई," हे मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की भोकातून उजेडाकडं बघायचं मला सुचलंसुद्धा नाही. देवाची मूर्ती कुणी खरवडून बघतं का? मी सांध्याला झाळणीचा टाकणखार लावला आणि सरळ ज्योत धरली. क्षणात काळा धूर निघाला, लाख जळल्याचा वास आला आणि मणी फट्कन उकलून चिंबला. म्हातारी पुढं वाकली. काय जळायलंय ग, म्हणाली. जुनी मळी आहे आतली, मी म्हणाले, आणि तिला आठ दिवसांनी यायला सांगितलं. माळ माझ्यापाशी सोडून जाताना ती उंबऱ्यातून दोनदा मागं वळली.

पहिले दोन दिवस मी नुसती तो चिंबलेला मणी घेऊन बसले. मग नवा करायला घेतला, माझ्याजवळच्या सोन्यातून, तुम्ही शिकवला तसाच. मुशीत सोनं वितळवलं, ओतलं, ऐरणीवर ठोकून पत्रा काढला, मध्येमध्ये तापवून मऊ केला. साच्याच्या खळग्यात ठोकून दोन वाट्या काढल्या, कडा घासून एकमेकींवर बसवल्या. मग त्यांचा सांधा झाळायला, ज्योतीनं जोडायला बसले आणि मी चौदा वर्षांची झाले. तुम्ही फुंकणीनं ज्योत वळवताय, गाल फुगलेले, श्वास नाकानं आत आणि तोंडानं बाहेर, मध्ये खंड नाही. आत चुलीपुढं आई फोडणी अडवून बसली आहे, कारण मिरचीचा ठसका लागला तर तुमचा श्वास तुटेल आणि मणी जाईल. झाळणीच्या दिवशी आपलं वरण सपकच असायचं. मग फुंकणी माझ्या हातात येते आणि मी घाईनं सगळी ज्योत सांध्यावर धरते. वाटीची कड वितळून खाली येते. तुम्ही ओरडत नाही. माझ्या हातातला चिमटा काढून घेता. "तुझा सगळा जीव सांध्यावर हाय. आख्खा मणी तापू दे की, सांधा आपसूक धरतोय." आणि तो मणी मला पुन्हा मुशीपासून करायला लावता.

आता माझ्याकडं गॅसची ज्योत आहे, फुंकावं लागत नाही. तरी त्या आठवड्यात मला श्वास पुरत नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं चोरी कुणाची तेच ठाऊक नाही आणि चांदणं माझ्या मनात. तुमच्या माळा खजुरीपासून बसवकल्याणपर्यंत किती गळ्यांत असतील, हे मी मोजायला लागले. आता लोक जुने दागिने घेऊन गुलबर्ग्याच्या मोठ्या दुकानात जातात, तिथं डोळ्यांदेखत वितळवतात. तिथं धूर निघाला तर? कुणी दुकानाची पायरी चढलं की माझं लक्ष त्याच्या तोंडाकडं नाही, हातातल्या पिशवीकडं जायचं. आणि खरं सांगते, मी नवा मणी गुपचूप ओवून माळ परत द्यायची ठरवली होती.

म्हातारी ठरल्या दिवशी आली. तिनं माळ हातात घेतली आणि जपमाळेसारखी एकेक मणी बोटांत फिरवत गेली. नव्या मण्यापाशी थांबली.

"ह्यो हलका लागायलाय."

मग माझ्यानं लपवलं गेलं नाही. लाख, धूर, मळीचं खोटं, सगळं सांगितलं. माझ्या अप्पांनी तुम्हाला फसवलं असेल तर बाकीचेही मणी मी बदलून देते, म्हणाले. डोळ्यांतून पाणी आलं ते मला थांबवता आलं नाही.

"कामून रडायलीस? माज्या आईनंच भरायला लावली व्हती लाख," ती म्हणाली. "घरात सोनं न्हवतं, अन् सासरी माळ ठसठशीत दिसाया पायजे व्हती. आई तुज्या अप्पाच्या पाया पडली, कुणाला बोलू नका म्हणून. त्यानं निस्त्या सोन्याचं वजन धरलं. न्हाई बोलला कुणाला. मला बी आईनं मरताना सांगितलं, म्हून त्या दिशी म्या बी बोलले न्हाई."

म्हणजे तुम्ही एका बाईसाठी तुमचा नेम मोडलात, आणि तिची अब्रू झाकायला पुढं जन्मभर सगळ्यांसमोर तेच वाक्य म्हणत राहिलात. मलासुद्धा सांगितलं नाहीत. आग माझ्या हातात दिलीत, एवढी गोष्ट दिली नाहीत, याचं वाईट वाटलं. म्हातारीनं नव्या मण्यातही लाख भरून घेतली, नातीला सगळे सारखे लागायला हवेत म्हणून. मग ती बस गाठायला गेली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही हे बरंच आहे, कारण पुढचं तुमच्यासमोर मला बोलता आलं नसतं. ती गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि आईची बोरमाळ काढली. तुम्ही तिला घडवलेली, तिच्यामागं माझ्याकडं आलेली. दोरा कापून मणी ताटात सोडले आणि एका मण्यात सुई घालून आतून फिरवून पाहिली. पोकळ होता. तिथंच थांबायला हवं होतं, अप्पा. शेवटचा मणीही पोकळ निघेपर्यंत मी थांबले नाही.