साहेबांचं बाळंतपण

५ जानेवारी, रविवार
आज पक्षी आणले. बजरीगर, म्हणजे छोट्या पोपटांची जोडी. एक हिरवा, एक निळा. गॅलरीत पिंजरा टांगला, खाली ट्रेमध्ये वर्तमानपत्र अंथरलं आणि ही नवी वही उघडली. नुसते पक्षी पाळणं हा उद्देश नाही. ब्रीडिंग करायचं आहे. शास्त्रशुद्ध. २० मेला नात सुट्टीसाठी येणार, तोपर्यंत घरात पिल्लं हवीत. फोनवर तिला तसा शब्द देऊन टाकला. नात सात वर्षांची आहे. तिने विचारलं की आजोबा, हेही माशांसारखंच होणार का. माशांच्या टाकीचं जे झालं तो हीटरचा दोष होता, पण मुलांच्या नेमकं काय लक्षात राहील याचा नेम नसतो.

पक्षीवाला नर कुठला, मादी कुठली ते सांगायला लागला होता. त्याला मध्येच थांबवलं. रेकॉर्ड सेक्शनचा सुपरिंटेंडेंट आहे मी. सव्वीस वर्षं माणसं ओळखतोय.

७ जानेवारी
निरीक्षण पूर्ण. हिरवा नर. झोपाळ्यावर आधी तो बसतो, दाणे आधी तो खातो, निळीला हाकलतो आणि दिवसभर ओरडतो. निळी बिचारी कोपऱ्यात बसून मान डोलावते. शंकेला जागाच नाही. हिरव्याचं नाव साहेब, निळीचं मॅडम. रजिस्टरमध्ये पक्क्या शाईने नोंद केली.

आमच्या हिचं म्हणणं वेगळंच. दुकानातल्या पाटीवर म्हणे लिहिलं होतं, चोचीच्या वरचा भाग निळा असेल तर नर, तपकिरी असेल तर मादी. त्या हिशेबाने मॅडम नर ठरतात आणि साहेब मादी! पाट्या काय, कोणीही लिहितं. ही प्रसूतिगृहात हेड सिस्टर आहे, तीस वर्षं झाली. माणसांच्या बाळंतपणातलं तिला कळत असेल, मी नाही म्हणत नाही. पण पक्षी हा स्वतंत्र विषय आहे. तसं तिला शांतपणे समजावून सांगितलं. ती डबा भरून ड्यूटीवर गेली.

१९ जानेवारी
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून पिंजरा साफ करणे. एक तारखेपासून. तोपर्यंत हीच करते आहे, कारण ती तशीही उठलेलीच असते.

२ फेब्रुवारी
एक तारखेला शनिवार आला. शनिवारी नवीन काही सुरू करणं व्यवहार्य नाही. सोमवारपासून.

आज अंड्यांसाठी लाकडी खोका स्वतःच्या हाताने तयार केला. सुताराला बोलवा असं घरातून सुचवण्यात आलं, मी लक्ष दिलं नाही. खोका उत्तम झाला. फक्त पिंजऱ्याला बसवल्यावर भोक भिंतीकडे आलं. मी म्हटलं, एकांत मिळेल. संध्याकाळी पाहतो तर खोका कोणीतरी उलटा फिरवून बसवलेला.

१६ फेब्रुवारी
साहेब दिवसभर खोक्यात. बाहेर यायचं नाव नाही. आतून लाकूड कुरतडल्याचा आवाज येतो. मॅडम बाहेर उभी राहून भोकातून त्यांना दाणे भरवते. हिला मुद्दाम बोलावून दाखवलं, की बघ, नवऱ्याची सेवा याला म्हणतात. हिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, भरवणारा गुणी आहे हो. हिच्या बोलण्यात लिंगाच्या चुका फार.

२७ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
खोक्यात अंडं! पांढरंशुभ्र, अंगठ्याच्या नखाएवढं.  बारशाच्या वेळी लेकीला हातात घेतलं होतं ते आठवलं.

सकाळी ८.१०
एक तांत्रिक अडचण. खोक्यात रात्रभर साहेब एकटेच होते.

संध्याकाळी
पक्षीवाल्याला फोन केला. हिरवीच मादी, असं तो ठामपणे म्हणाला. त्या दिवशी मी तेच सांगत होतो, असंही म्हणाला. ठीक आहे. चूक माझी नाही, साहेबांच्या वागणुकीची आहे. अशी वागणूक असल्यावर कोणाचाही गैरसमज होईल. नावं मात्र बदलणार नाही, नोंद पक्क्या शाईत आहे.  जेवताना हिला तीनदा ठसका लागला.

७ मार्च
साहेब पाच अंड्यांवर बसले आहेत. अठरा दिवस उबवायची असतात. मी देखरेखीचा तक्ता केला. दर दोन तासांनी झाकण उघडून टॉर्चने पाहणी, अंड्यांचं स्थान, साहेबांची मनःस्थिती. ऑफिसच्या वेळेत खंड पडतो म्हणून दुपारी डोकं दुखतं सांगून घरी येतो. अंड्यांवर पेन्सिलीने १ ते ५ क्रमांक घातले. नोंद नसलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही.

ऑफिसात सात जणांनी पिल्लू घेण्यासाठी नावं नोंदवली. टायपिस्ट बाईंना निळं हवं आहे.

९ मार्च
साहेब चावले. उजव्या हाताची तर्जनी. मादीची चोच नरापेक्षा जोरात लागते असं हल्लीच वाचलं होतं. ते खरं आहे.

हिने पट्टी बांधता बांधता सांगितलं की आमच्या वॉर्डात बाळंतिणीच्या खोलीत दर दोन तासांनी नातेवाइकांना टॉर्च घेऊन सोडत नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच तुमच्याकडे रेकॉर्ड नीट नसतं.

१३ मार्च
साहेबांनी पाचही अंडी खोक्याबाहेर ढकलली. ट्रेमध्ये पडून फुटली. क्रमांक मात्र चार तुकड्यांवर स्पष्ट वाचता येतात.

कारण शोधलं. शेजारणीचा मिक्सर. ऐन अकरा वाजता लावते. तिला जाऊन बोललो. ती म्हणाली, मिक्सर महिनाभर दुरुस्तीला आहे. म्हणजे मिक्सरच्या अभावाने असेल. पक्ष्यांना सवयीचा आवाज लागतो.

२३ मार्च
नातीचा फोन. अंडी कशी आहेत विचारलं. मी म्हटलं, पहिली बॅच ट्रायल होती. ती मग म्हणाली, चालेल आजोबा, मी मासे बघेन. टाकी रिकामी आहे हे तिला माहीत आहे. माझी समजूत काढायला म्हणाली. सात वर्षांची मुलगी माझी समजूत काढते!  आता काय वाटेल ते झालं तरी पिल्लं निघालीच पाहिजेत.

८ एप्रिल
दुसरी बॅच. तीन अंडी झाली, अजून होतील. या वेळी धोरण वेगळं : हस्तक्षेप शून्य. खोक्याला हात लावणार नाही. हिच्यासमोर तसं कबूल केलं.

१० एप्रिल
हात लावत नाही. हिचा छोटा आरसा काठीला बांधून भोकातून आत घालतो. याला हस्तक्षेप म्हणता येणार नाही.

१२ एप्रिल
साहेबांनी आरसा फोडला. हिला सांगितलेलं नाही.

१५ एप्रिल
अंड्यात जीव आहे की नाही हे उजेडासमोर धरून कळतं. आत लाल रेषा दिसल्या तर जीव आहे. साहेब पाणी प्यायला बाहेर आले ती संधी साधून एक अंडं चहाच्या चमच्याने उचललं. रेषा दिसल्या! लाल, बारीक, केसासारख्या. अंडं जिवंत होतं.

होतं, कारण त्याच क्षणी साहेब परत आले आणि माझ्या अंगठ्यावर उतरले.

१८ एप्रिल
साहेब तीन दिवस खोक्यात गेले नाहीत. अंडी गार पडली. हिने आज ती गुपचूप काढून कुंडीत पुरली. या वेळी कारण शोधलं नाही. शेजारणीकडे नुसतं पाहिलं.

३० एप्रिल
तिसऱ्या बॅचचं पहिलं अंडं. अठरा दिवस म्हणजे १८ मे. नात २० मेला. अगदी वेळेत! आता चूक परवडणार नाही. पंधरा दिवसांची रजा टाकून मी गॅलरीतच बसणार. खुर्ची, टॉर्च, थर्मास, रजिस्टर. हिला योजना सांगितली. तिने कपाळाला हात लावला. थकली असेल, वॉर्डात गर्दी असते.

२ मे
कमाल आहे. रजा नामंजूर, वर शाखा कार्यालयात जुन्या फायलींच्या तपासणीला रवानगी. उद्याच निघायचं, २२ मेपर्यंत. डायरेक्टरांनी स्वतः बोलावून सांगितलं, तुमच्याशिवाय हे काम कोणी करू शकणार नाही. ते खरंच आहे, पण आत्ताच का? डायरेक्टर सज्जन माणूस. त्यांच्या सुनेची डिलिव्हरी हिच्याच वॉर्डात झाली, तेव्हापासून हिची त्यांची चांगली ओळख. कालच ही त्यांच्याशी फोनवर बोलत होती. कशाबद्दल ते विचारायचं राहून गेलं.

रात्रीपर्यंत बसून हिच्यासाठी लेखी सूचना काढल्या. एकूण त्रेचाळीस. परिशिष्ट वेगळं.

९ मे, शाखा कार्यालय
इथल्या गेस्टरूमला गॅलरी नाही. हिला दिवसातून पाच फोन करतो. सूचना क्र. १७ पाळली का? पाळली म्हणते. २३? पाळली. ३१? पाळली म्हणते, पण ३१ मी दिलीच नव्हती, ते पान माझ्याच बॅगेत राहिलं होतं.

१८ मे
फोन केला. काही नाही म्हणाली. मी म्हटलं, झाकण उघडून बघ. ती म्हणाली, मी कामात आहे, आणि ठेवला. सबंध दिवस एकही फायल वाचली नाही. समोरच्या क्लार्कने बरं नाही का विचारलं. त्याला पक्ष्यांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, होईल हो साहेब सगळं नीट, पहिलंच आहे का? त्या वाक्याने बरं वाटलं.

२० मे, संध्याकाळी ६
नातीचा फोन. नुसती किंचाळत होती. ती येऊन पोचली आणि पिंजऱ्यासमोर आजीजवळ बसली तेवढ्यात आतून चूं चूं ऐकू आलं. एक पिल्लू काल आलं, एक आज. आणखी दोन अंडी आहेत. आजीने तिला श्वास रोखून बसायला सांगितलं होतं, ती खूप वेळ रोखून बसली.

मी गेस्टरूममध्ये एकटाच होतो. डोळे पुसले. धूळ फार आहे इथे, फायलींमुळे.

रात्री शांतपणे विचार केला. हे माझ्या नियोजनाचं यश आहे. पाया मीच घातला, सूचना माझ्याच. हिने फक्त अंमलबजावणी केली.

२३ मे
घरी पोचलो. बूट न काढता गॅलरीकडे गेलो. दाराला कडी. कडीवर हिच्या अक्षरात कागद : भेटीची वेळ संध्याकाळी ५ ते ५.१०. एका वेळी एकच नातेवाईक. टॉर्च आणू नये.

मी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. नात स्टूल घेऊन दाराशी बसलेली. तिला सांगितलं की हे पक्षी माझे आहेत. ती म्हणाली, माहिती आहे, पण पाच वाजता.

५.०० ते ५.१०
पिल्लं तीन. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली, मान वर धरायला जाऊन सारखी पडणारी. इतकं कुरूप आणि इतकं गोड काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मॅडम आणून आणून भरवत होते, साहेब आत सगळ्यांना पोटाखाली घेऊन बसल्या होत्या. हिने खोक्याच्या बाजूला बोटभर फट ठेवली आहे, तिच्यातून लांबून बघायचं. झाकण उघडायचं नाही. तीन आठवड्यांत तिने ते एकदाही उघडलं नाही म्हणे.

ट्रेमध्ये खाली अंथरलेला कागद ओळखीचा वाटला. सूचना क्र. १ ते ९. बाकीच्या आधीच वापरून झाल्या असाव्यात.

२५ मे, रविवार
ऑफिसातले सातही जण पिल्लं बघायला आले. त्यांना ब्रीडिंगची पद्धत समजावून सांगायची म्हणून मी रजिस्टर काढून ठेवलं होतं. सगळे हिच्याभोवती बसले. टायपिस्ट बाईंनी विचारलं, यात मुख्य काय करावं लागतं. ही म्हणाली, काही नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

मग नातीने एकेकाला गॅलरीत नेऊन दाखवलं. कोण बाबा, कोण आई, कोण आधी जन्मलं, सगळं नीट सांगत होती. शेवटी टायपिस्ट बाईंनी तिला विचारलं, आणि आजोबा काय करतात? मी दाराबाहेर स्टुलावर बसलो होतो, माझा नंबर यायचा होता. नातीने माझ्याकडे बघितलं, बराच विचार केला आणि मोठ्या प्रेमाने सांगितलं की आजोबा आता काहीच करत नाहीत, खूप छान जमायला लागलंय त्यांना.