छातीची मागची भिंत

बुलडाणा, गुरुवार

तीर्थरूप सुवर्णाआत्यास प्रज्वलचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे मजेत. तुझी तब्येत आता कशी आहे? मंगळवारी बरं नव्हतं ना तुला? नव्हतंच बहुतेक. नीट आठवून बघ. मंगळवारी हवा कुंद होती आणि अशा हवेत निवृत्त शिक्षिकांना (म्हातारी म्हटलेलं नाही, रागावू नकोस) कुठे ना कुठे दुखतंच. असो. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. छायाकाकू उद्याच्या बसने जळगाव जामोदला येतायत, त्यांच्या हाती देतो.

आधी आनंदाची बातमी. तू तुझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे, म्हणजे आमच्या मंजुश्री मॅडमकडे, शब्द टाकून लावून दिलेली दवाखान्यातली नोकरी अजून आहे. दोन महिने वीस दिवस झाले! मलकापूरच्या जिनिंगमध्ये मी अकरा दिवस टिकलो होतो, मोबाईलच्या दुकानात नऊ. (डीजेच्या गाडीवर महिनाभर होतो, कारण तिथे मी बसलो तरी गाडी फिरत होती.) तीन महिने भरले की मला कायम करायचं का घरी पाठवायचं ते मॅडम ठरवणार. पुढचं वाचताना हे उरलेले दहा दिवस डोळ्यासमोर ठेव.

काम असं की डॉक्टर कागदावर दुखणं लिहितात आणि आपण जाडजूड पुस्तकात बघून त्याचा नंबर टाकायचा. मला वाटायचं जखम म्हणजे जखम. पण एकट्या छातीच्या जखमेचा तिथे अख्खा मोहल्ला आहे. समोरून की मागून, डावी की उजवी, वरवरची की पार आत फुप्फुसापर्यंत, कापलं की भोसकलं की कोणी चावलं (छातीला कोण चावत असेल, यात माझी एक दुपार गेली), आत काही राहिलंय का, माणूस पहिल्यांदा आलाय की परत. शिवाय हे केलं कोणी, त्याचा नंबर वेगळा. गायीबैलांना तर स्वतंत्र पान आहे.

सोमवारी माझ्यासमोर देऊळघाटच्या पुंजाजींची फाईल आली. (नाव बदललंय, पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं. पुंजाजी हे त्यांच्या शेजाऱ्याचं नाव आहे, तेव्हा त्या बिचाऱ्याला काही विचारू नकोस.) डॉक्टरांनी गडबडीत एवढंच लिहिलेलं : छातीच्या भिंतीला जखम, गोऱ्हा, टाके घातले. समोर, मागे, डावी, उजवी, काही नाही. अशा वेळी डॉक्टरांना चिठ्ठी पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत बसायचं, हा नियम. डॉक्टर गेले होते लग्नाला. आणि बसणं माझ्याच्यानं होत नाही, हे तू पाचवीपासून बघतेयस. मंगळवारी अकराला मी देऊळघाटच्या रस्त्यावर होतो. (वाटेत एका विहिरीतून पंप काढत होते, तिथे पाऊण तास थांबलो. पंप निघाला नाही.)

पुंजाजी ओसरीत खाटेवर उताणे पडलेले. सदऱ्यावरून छातीला ही मोठी पांढरी पट्टी, भोवती सात-आठ माणसं, आणि गोष्ट रंगलेली. “त्यानं मान खाली घातली, म्या शिंगं धरले. इकडे म्या, तिकडे तो!” मी पुस्तकाच्या क्रमानं विचारलं, काका, जखम समोरून की मागून? “काऊन बे, दिसत नाही का तुले?” असं ते म्हणतात तोच त्यांच्या घरच्या रुख्मिणीकाकू चहा घेऊन बाहेर आल्या. “सांगा ना आता! पुढं हे पळून राह्यले, मागं गोऱ्हा. त्यानं असे उचलले का बोराटीच्या काटेरी कुपावर पाठीवर आपटले. समोरची पट्टी यांच्याच जुन्या धोतराची हाय!”

माणसं खो खो हसली. मीही हसलो, नंतर वाईट वाटलं. आत्या, गावाला जखम समोर दिसावी म्हणून तो माणूस चार दिवस खऱ्या जखमेवर उताणा झोपला होता! मी उरलेले प्रश्न उरकले. आत फुप्फुसाला लागलं का? “रातभर घोरते, श्वासाले काय धाड भरली?” काकू म्हणाल्या. आत काही राहिलं का? इथे मात्र त्यांचं हसू थांबलं. “टोचते म्हणते. अन् रातीपासून आंग तापून राह्यलं.”

मी म्हटलं, उठा, दवाखान्यात चला. काका भिंतीकडे तोंड करून पडले. गावानं ऐकलं, आता कुठंच येत नाही म्हणाले. “आता तूच समजाव बापा,” काकू मला म्हणाल्या. माझी तर बारावीही दुसऱ्या झटक्यात निघालेली, मी काय समजावणार? पण पुस्तक पाठ होतं. म्हटलं, “काका, तुमी खोटं बोललेच नाही. आमच्या पुस्तकात त्या जाग्याले छातीच म्हणते. छातीची मागची भिंत.”

त्यांनी मान वळवली. “छापेल हाय?”

“छापेल हाय.”

“मागची, पण छातीच?”

“हाव. छातीच.”

ते उठले. माझ्या गाडीवर मागे बसून बुलडाण्यापर्यंत भेटेल त्याला “छातीच हाय, मागची भिंत!” असं सांगत आले. दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांनी टाके उसवले, तर आतून बोटाच्या पेराएवढं बोराटीचं लाकूड निघालं. आणखी दोन दिवस गेले असते तर जड गेलं असतं म्हणे. मग त्यांनी लिहिलं : छातीची मागची भिंत, उजवी बाजू, आतपर्यंत गेलेली नाही, लाकडाचा तुकडा होता, काढला. इतकं सुरेख वाक्य मी शाळेच्या पुस्तकातही वाचलं नव्हतं. नंबर एका झटक्यात सापडला. काकांचा ताप काल उतरला, आता ते पालथे झोपतात.

मॅडम भयंकर रागावल्या. पेशंटच्या घरी जायचं नसतं, डॉक्टरांनाच विचारायचं असतं. अर्धा तास ऐकून घेतलं (उभ्यानं, त्यामुळे जमलं). शेवटी म्हणाल्या, सोमवारपासून चिठ्ठ्या तूच घेऊन तिन्ही मजल्यांवर फिर आणि डॉक्टर उत्तर देईपर्यंत समोरून हलू नकोस. आत्या, मला फिरायचं काम मिळालं!

घरच्या सगळ्यांना जयभीम.

तुझा,
प्रज्वल

ता.क. : मंगळवारी मी ‘आत्याच्या छातीत दुखते’ असा अर्ज टाकून निघालो होतो, आणि परत आल्यावर ‘येताना वाटेत देऊळघाट लागलं’ असं सांगितलं. (नकाशा बघू नकोस.) मॅडम दर रविवारी तुला फोन करतात. तेव्हा एवढ्या रविवारी जरा कण्हून बोल. डावी बाजू सांग.

आणखी ता.क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात अर्ज परत आला. त्यावर मॅडमच्या लाल पेनानं लिहिलंय : “छातीत दुखणे : समोर की मागे? डावीकडे की उजवीकडे? पहिल्यांदा की परत? आणि मी जळगाव जामोदची आहे, तिथून येताना देऊळघाट लागत नाही. खरं कारण लिहून आणा, रजा मंजूर आहे. कायम होण्याचा अर्जही सोबत आणा. त्यात आत्या नको.”

तेव्हा आत्या, मंगळवारी तू ठणठणीत असलीस तरी चालेल.