ममता रोज लिहिते

सोमवार, ३ मार्च २०२५

पोचले एकदाची! गुहागरहून सुटलेली बस काशीमिऱ्याला थांबली तेव्हा सुगंधामावशी उभीच होती, पिशवीत गरम वडे घेऊन. आईची ही धाकटी बहीण, पण लाड आईपेक्षा जास्त करते. गोडदेवातल्या तिच्या घरात मला स्वतंत्र खोली आहे, कपाट आहे. खिडकीतून गावातली दोन कौलारू घरं दिसतात, बाकी सगळ्या इमारतीच. नोकरीही तिनेच बघून ठेवलीय.

गुरुवार, ६ मार्च

जितेंद्र सरांचं ऑफिस नाक्यावर, पहिल्या मजल्यावर. भाडेकरार, पॅनकार्ड, पासपोर्टचे फॉर्म. म्हाताऱ्या माणसांना ऑनलाइन काही जमत नाही, म्हणून त्यांचे पासवर्डही सरच सांभाळतात; तीनशेच्या वर खाती, सगळी एका पासवर्ड मॅनेजरमध्ये. ते ॲप ठेवायचं की दुसरं घ्यायचं, हे बघून सांगायचं माझं पहिलं काम. पहिल्याच आठवड्यात कुणी माझं मत विचारतंय, छान वाटलं.

माझ्या जागेवर आधी ममता होती. तीही मावशीकडेच राहायची. लग्न होऊन सुरतला गेली, असं मावशी म्हणाली.

सोमवार, १० मार्च

दोन्ही ॲप वापरून बघितली. नवं झटपट आहे, बोट टेकवलं की उघडतं. पण जुन्यात कोणतं खातं कुणी, कधी उघडलं याची नोंद राहते. नव्यात गेलो की ती सगळी पुसली जाणार. लोकांच्या कागदपत्रांचं काम, नोंद हवीच. तसं सरांना सांगितलं.

त्यांना ही नोंद माहीतच नव्हती. लगेच म्हणाले, शुक्रवारपर्यंत नवं लाव, जुनं बंद कर.

घरी आले तर मावशीला सगळं आधीच कळलेलं. सांगितलेलं काम करावं, नको ते वाचत बसू नये, असं म्हणाली. भाजी वाढताना माझ्याकडे बघितलं नाही तिने.

बुधवार, १२ मार्च

नोंद वाचली. वाचायला नको होती.

त्यात ममताचं स्वतःचं मेलही आहे. तिने ते शेवटचं उघडलं ९ जुलैला. त्यानंतर रोज संध्याकाळी ते सरांच्या कॉम्प्युटरवरून उघडलं जातंय. मी आत गेले. तिच्या आईला रोज दोन ओळी. मी बरी आहे, सासरी फोन चालत नाही, काळजी करू नको. कालचीही आहे.

रविवारी ऑफिस बंद असतं. रविवारच्या ओळी एका मोबाइलवरून गेल्यात. मोबाइलचं नाव सुगंधा.

गुरुवार, १३ मार्च

ममताच्या आईचा नंबर मेलमध्ये सापडला. माझ्या फोनवरून केला नाही. नाक्यावरच्या हंसाबेनच्या स्टेशनरीच्या दुकानातून केला.

रोह्याची बाई. मैत्रीण म्हटल्यावर खूश झाली, लेक रोज लिहिते म्हणाली. आवाज कधी ऐकला, विचारलं.

‘आषाढात,’ म्हणाली. मग हळूच, ‘तू भेटतेस का गं तिला? बरी दिसते ना?’

मी फोन ठेवला.

तिथूनच आईला लावला. शिमग्याला घरी येते, आजच निघते म्हटलं. आई चिडलेली. येत नाही असं मीच काल मेलवर कळवलं म्हणे. मी नाही कळवलं. मावशीने तिला सांगितलंय, मी इथे कुणा मुलाच्या नादी लागलेय, आता काहीबाही खोटं सांगेन. मी ममताचं सगळं सांगायला लागले —

‘सुगंधा माझी सख्खी बहीण आहे, आरोही. ती कशाला खोटं बोलेल?’

तिने फोन ठेवला. पुढे उचललाच नाही.

शुक्रवार, १४ मार्च. दुपार

धुळवड. ऑफिस बंद. किल्ली माझ्याकडे आहे. चौकीत जाणार, पण हातात नोंद हवी. आज जुनं बंद झालं की काही उरणार नाही. मोबाइल सकाळपासून सापडत नाही. इथे हातानेच उतरवतेय.

ममता — ९ जुलै २०२४ नंतर रोज.
शालू — २०२२ पासून. हिचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. हिच्याही आईला अजून —
आरोही — माझं मेल. २० फेब्रुवारीला घातलंय. मी तेव्हा गुहागरलाच होते. घालणारी सुगंधा. फॉर्म भरायला पासवर्ड लागतो म्हणून तिने फोनवर मागितला होता. मी दिला. मावशीच ना.

जिन्यावर पावलं. आतून कडी लावलीय.

मावशी आहे. सरही आहेत. दार वाजवत नाहीत. मावशी माझ्या लहानपणच्या नावाने हाक मारतेय. छकुली, उघड.

ममता कुठे आहे, मी विचारलं.

‘तिलाही असंच सगळं वाचायची सवय होती,’ मावशी म्हणाली. अगदी मायेने.

सरांची किल्ली फिरतेय. कडी जुनी — खाली पोरं रंग खेळतायत, हाका ऐकू जात नाहीत — ही वही खिडकीतून टाकते, ज्याला मिळेल त्याने रोह्याला ममताच्या आईला आधी, मग माझ्या आईला, गुहागर, तिला म्हणावं मी कळवलं नव्हतं, मी येणार हो