डाव्या हाताची मूठ

आई,

माझ्या पिस्तुलांबद्दल मी तुला कधीच काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं, तो सगळा उद्योग तू गेल्यानंतरचा. आत्ता क्लबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर हे टाइप करतोय. शनिवारची दुपार आहे, इथे तिला आर्वो म्हणतात. ऊन मऊ झालंय, कुंपणापलीकडे वाळलेलं गवत पार टेकड्यांपर्यंत पसरलंय आणि तारेवर गुलाबी-करडे पोपट ओळीने डुलक्या काढताहेत. आतून कानशीचा आवाज येतोय. खर्र, खर्र, मग जरा थांबून पुन्हा खर्र. तो मला ऐकवत नाही म्हणून मी बाहेर येऊन बसलोय. का ते सांगतो, पण माझ्या पद्धतीने, फाटे फोडत. सरळ काही सांगणं मला जमत नाही हे तुला माहितीच आहे.

तर मी पिस्तुलं जमवतो. दचकू नकोस. तू चालवायचीस तसलीच, नेमबाजीच्या स्पर्धेतली, एका वेळी एकच छर्रा भरायची. आणि त्यातही फक्त डावखुऱ्यांसाठी बनवलेली. उजव्या हाताची ढिगाने निघतात तेव्हा कुठे एखादं डाव्याचं निघतं, त्यामुळे शोधायला जन्म जातो. पॉइंट कुक उपनगरातल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये, मुलीच्या सायकलमागे, जमिनीत बोल्ट मारून बसवलेल्या तिजोरीत ती असतात. इथल्या कायद्यात छऱ्याचं पिस्तूलही पिस्तूलच, पोलीस घरी येऊन तिजोरी तपासून जातात. मागे एक आला होता, गोरा, उंच, भला माणूस. विचारतो, ‘व्हाय ओन्ली लेफ्टीज, मेट?’ मी म्हटलं, हिस्टॉरिकल इंटरेस्ट. त्याने मला उजव्या हाताने सही करताना पाहिलं आणि कागद घडी करून खिशात टाकला. बायको म्हणते, ‘लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, आमच्याकडे हे!’ मुलगी तर तोंडावरच म्हणते, ‘बाबा, यू आर नॉट ईव्हन लेफ्ट-हँडेड!’ खरंच आहे. त्यातलं एकही माझ्या हातात धड बसत नाही. शिवाय जमवण्याच्या लायसन्सवर घेतलेलं चालवायचं नसतं, प्रत्येकाच्या घोड्याला कुलूप. उजव्या हाताचा माणूस, डाव्या हाताची पिस्तुलं आणि सगळी कुलूपबंद. हसलीस ना? हस.

मला मात्र ती तिजोरी उघडली की आपलं नाशिकचं स्वयंपाकघरच दिसतं. तेलाचा आणि अक्रोडाच्या लाकडाचा वास येतो, त्यात मागून कुठूनतरी दुधाचा वास मिसळतो. तू ओट्याशी आडवी उभी आहेस, शाळेतून आल्यावर साडीही न बदलता, पदर खोचून. डावा हात खांद्याइतका सरळ पुढे आणि त्यात पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. गॅसवर दूध. मी ओट्यावर चढून बसून पातेल्याकडे बघतोय, कारण माझं काम एकच. ‘दूध वर आलं की सांग रे, मग मी हात खाली घेते.’ तांब्यातल्या पाण्यावर खिडकीचा चौकोन पडलाय आणि तो हलत नाहीये. मी दुधाकडे बघायचं सोडून त्या चौकोनाकडेच बघत बसतो, झोप आल्यासारखं होतं, आणि मग चर्रकन् आवाज, दूध शेगडीभर. ‘कपाळ माझं! तुला एक काम दिलं होतं!’ म्हणतेस, पण चौकोन हलला नाही म्हणून आतून खूश असतेस. मला ते कळायचं.

तो तांब्या सोडला तर घरात तू उजवी होतीस. वाढायचीस उजव्या हाताने, प्रसाद उजव्या हातात, फळ्यावरची गणितं उजव्या हाताने. लहानपणी मारूनमुटकून तसं वळण लावलं होतं, आणि आजीसमोर डाव्या हाताने पोळीसुद्धा उलटायची सोय नव्हती. फक्त रविवारी सकाळी जिल्ह्याच्या क्लबवर पिस्तूल उचललंस की तू डावी व्हायचीस आणि चेहराच वेगळा दिसायचा. पण क्लबची सगळी पिस्तुलं उजवी. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ म्हणजे हाताचा साचाच असतो, तळव्याला फुगवटा, अंगठ्याला कठडा. उजव्याची मूठ डाव्या हातात म्हणजे उजवा बूट डाव्या पायात. तुझ्या अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोलून निघायचं. त्यावर तू जुन्या परकराची चिंधी बांधायचीस, संध्याकाळी कणीक मळताना मीठ झोंबलं की ‘स्स’ करायचीस, आणि मी वर बघितलं की लगेच म्हणायचीस, ‘काही नाही रे, कातडंच आहे, येतं परत.’

वकीलसाहेबांकडचं हळदीकुंकू तुला आठवत असणारच. क्लबचे मोठे सभासद, त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट. मी तिळगुळाच्या लोभाने तुझ्यामागे आलेलो. बायका अत्तर लावताहेत, कुणीतरी नाव घेतंय, हशा चाललाय, आणि तू वाणाची स्टीलची डबी हातात धरून त्या कपाटासमोर उभी. आत जर्मन बनावटीचं, क्लबमधल्या तुझ्या पिस्तुलासारखंच पिस्तूल, पण मूठ डाव्याची. त्यांच्या भावाने परदेशातून चुकून पाठवलेलं. साहेब आले, हौसेने कपाट उघडून म्हणाले, ‘बघा बाई, हातात घेऊन बघा.’ तू डबी माझ्याकडे दिलीस. कपाळावर हळदीकुंकू, केसांत गजरा, आणि डावा हात सरळ. त्या घोळक्यातली एक बाई ‘अगंबाई!’ म्हणाली आणि सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. तुझा अंगठा पहिल्यांदा जिथे जायला हवा तिथे जाऊन टेकला होता.

मग तू विचारलंस. मला तो आवाज आजही ऐकू येतो, एरवीपेक्षा हळू. ‘महिनाभर ही मूठ मिळेल का? स्क्रूवरच आहे, माझ्या पिस्तुलाला बसेल. पुढच्या महिन्यात राज्याची स्पर्धा आहे.’ साहेबांनी पिस्तूल अलगद काढून घेतलं. वाईट बोलले नाहीत, उलट समजावून बोलले. ‘अहो बाई, देतो, पण तुमच्या हाताला नीट बसवायची तर कानस लावावी लागेल. मग तिची किंमत काय राहिली? शोपीस आहे हो ती.’ तू म्हणालीस, ‘बरोबर आहे.’ घरी येताना मी चिडून काहीतरी बोललो, तर मलाच दटावलंस. ‘कुणाला असं बोलू नये. त्यांना ती आवडते, एवढंच.’ राज्याच्या स्पर्धेला चिंधी बांधून गेलीस. त्यानंतर रविवारी घरीच राहायला लागलीस, कधी शाळेचे पेपर, कधी आजीचं दुखणं. बंद केलं असं कधी म्हणाली नाहीस. फक्त एक दिवस लक्षात आलं की त्या तांब्यात आता तुळशीचं पाणी असतं. पुढे मी इंजिनिअरिंगला असताना तू गेलीस, आणि मी त्या माणसाचा राग धरून बसलो. इतकी वर्षं. किती आवडीने धरला होता म्हणून सांगू.

आता मुख्य गोष्ट. तिजोरीतल्या सगळ्यांत माझं लाडकं म्हणजे त्या कपाटातलं तेच मॉडेल. ते शोधायला मला कितीतरी वर्षं लागली. मिळालं ते मेणकागदात गुंडाळलेलं, मुठीवर कारखान्याचा शिक्का आणि लाकडाला कानशीचा एक ओरखडा नाही. जमवणाऱ्यांत त्यालाच मोल. कारण नेमबाज मूठ घेतो आणि पहिल्याच आठवड्यात आपल्या हातासाठी तासायला बसतो. न तासलेली मूठ उरते ती कुणाच्याच हाताची न झालेली. मी ती रविवारी काढायचो, जुन्या बनियनने पुसायचो, लाकडातल्या रेषा बघत बसायचो आणि तुझ्याशी बोलायचो. तुझ्यासाठी आणली असंच मी मानत होतो.

आमच्या क्लबमध्ये एक नर्स येते. फिलिपिनो आहे, पन्नाशीची, शिफ्ट संपली की थेट येते, डबा इथेच खाते, सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणते. डावखुरी. क्लबचं जुनं पिस्तूल वापरते. तेच मॉडेल, आई, उजव्याची मूठ. तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात हॉस्पिटलची पांढरी टेप. ती पाहिली आणि मला तुझी चिंधी दिसली. मग लांबच्या लेनवर उभा राहायला लागलो, म्हणजे ती टेप दिसायला नको. गेल्या शनिवारी तिला कुणीतरी सांगितलं, आणि ती चहाचा मग घेऊन माझ्याकडे आली. ‘तुझ्याकडे याची लेफ्टी ग्रिप आहे म्हणे? महिनाभर देशील? स्टेट मास्टर्स आहे.’ राज्याचीच स्पर्धा, आणि महिनाभर! आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? एवढ्या वर्षांत पाठ झालेलं वाक्य, फक्त इंग्रजीत. म्हणालो, सॉरी, ती तुझ्या हातासाठी फाइल करावी लागेल, मग तिला काही व्हॅल्यू राहणार नाही, इट्स अ कलेक्टर्स पीस. ती हसली. ‘फेअर इनफ, लव्ह. स्किन ग्रोज बॅक.’

घरी जाताना फ्रीवेची माझी एक्झिट चुकली. पुढच्या एक्झिटने परत यायचं तर तीही चुकली. मला वकीलसाहेबांचा राग येत होता, आणि आरशात बघायची सोय नव्हती.

रविवारी दुपारी गॅरेजचं दार अर्धं वर करून खुर्ची टाकून बसलो होतो, खाडीकडून वारा येत होता, डोळा लागला. तर आपलं स्वयंपाकघर, पण खिडकीबाहेर इथलं गवत आणि इथल्या टेकड्या. तू ओट्याशी उभी, डावा हात सरळ, तांब्या भरलेला, पाण्यात चौकोन. अंगठ्याच्या बेचक्यात पांढरी टेप. दूध वर येतंय, अगदी काठाला, आणि सांगायचं काम माझं. मी तोंड उघडतोय, आवाज फुटत नाहीये. दूध तसंच काठावर थांबलंय. आणि तू हात खाली घेत नाहीस, कारण मी सांगितलेलं नाही. किती वेळ ते कळेना. तू रागावली वगैरे नव्हतीस. नुसती वाट बघत होतीस. मुलीने सायकल काढताना धक्का दिला तेव्हा जाग आली. म्हणाली, ‘बाबा, आर यू क्रायिंग?’ म्हटलं, वाऱ्याने धूळ गेली गं.

पिस्तूल कुलुपातच आहे, ते बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. मुठीला लायसन्स लागत नाही, ते लाकूड. काल एक स्क्रू काढला आणि ती हातात आली. खाली उरलं ते उघडं लोखंड, अगदीच केविलवाणं. ते आता कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही. मूठ टॉवेलात गुंडाळून आज आणली आणि त्या नर्सपुढे ठेवली. ती बघतच राहिली. ‘आर यू शुअर? मी फाइल करणार हं.’ म्हटलं, करच. महिन्याने परत नको, ठेव. तिने टेप ओढून काढली, चुरगळून खिशात टाकली आणि मूठ हातात धरली. अंगठा जाऊन टेकला. तिचे डोळे क्षणभर मिटले. बस, तेवढं मी पाहिलं. मग तिने कानस उचलली आणि मी बाहेर पळालो.

मोठा उदार वगैरे झालो असं समजू नकोस. पहिल्या खर्रला माझ्या जिवाचं पाणी झालं. आत्ताही होतंय. वकीलसाहेबांनाही असंच झालं असतं, आणि ते फक्त एवढंच टाळत होते. त्यांचा राग आता धरवत नाही. तू तेव्हा म्हणाली होतीस ते आज कळलं. आवडते, एवढंच.

कानस थांबली. आता छर्रे ऐकू येताहेत, पुठ्ठ्यावर, टप्, मग बराच वेळ शांतता, मग टप्. पोपट तसेच बसलेत. हे पाठवायचं कुठे, फोनमध्येच राहील. आत जाऊन तिचं टार्गेट बघून येतो.

एक राहिलं. तिने विचारलं, ‘पण तुझ्या कलेक्शनचं काय?’ मी म्हणालो, नो वरीज, घरी अशीच अजून एक आहे. नाहीये गं, आई. एकच होती.