एकदा ‘सुटली’ म्हण

लकडगंज, नागपूर
जून १९६७

तीर्थरूप मायले लहानूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी मामाच्या घरी खुशाल आहे, पोटभर जेवून राहिलो. गाय व्याली का वं? गोऱ्हा झाला का कालवड?

वायुदलाची परीक्षा मी पास झालो. विमानं दुरुस्त करायचं काम, बंदुकीपासून दूर. तुले हेच पाहिजे होतं. पण माझं मन मानून नाही राहिलं.

सोमवारी इथं दादाच्या पलटणीची भरती आहे. पासष्टच्या लढाईतून दादाची नुसती पेटी घरी आली. शेवटी तो काय बोलला, त्याले पाणी तरी भेटलं का, हे पाहिलेली माणसं त्याच पलटणीत आहेत. वायुदलात मले कोण सांगन?

पण निघताना तू माझा हात आपल्या गळ्याले लावून शपथ घातली, पलटणीत जाऊ नको म्हणून. ती मोडली अन् तुले काही झालं तर?

हे पत्र रविवारपर्यंत पोचन. तुझं उत्तर काही वेळेवर येत नाही. शेजारच्या शामलानं हे वाचून दाखवलं की शपथ ‘सुटली’ म्हण, माय. सोमवारी मी रांगेत उभा राहीन. मले इथं ऐकू येणार नाही, तरी मोठ्यानं म्हण.

तुझा
लहानू