विमानाच्या लाकडाचा झोका

१४ एप्रिल १९४९
देवळालीला लष्कराचा जुना माल विकतात. तिथून एक फळी आणली. लाकडाचं नाव बालसा. लढाईत याची विमानं करत. दोन हात लांब, चार बोटं जाड, तरी एका हातावर तोलून देवपूरभर चालत आलो. लोक वळून पाहत होते. ताकदीचा माणूस वाटलो असणार. खुलासा केला नाही.

१६ एप्रिल
धाकटी बहीण ताईबाई अखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, दोंडाईच्याहून माहेरी येणार. दोन वर्षं आली नाही, बोलली नाही. तिच्या सासरच्यांसमोर मी म्हणालो होतो, ही गाडीत बसली की बैल मागे वळून बघतात. कौतुकानेच म्हणालो होतो. असो. अखाजीला माहेरवाशिणी झोका खेळतातच; तो या फळीचा बांधून समेट करायचा. हलका झोका उंच जातो. सायन्स आहे.

२० एप्रिल
बायकोने फळीला नख लावलं. खळगा पडला. म्हणाली, बाभळीची घ्या. हिला विमानातलं काय कळतं?

२४ एप्रिल
लाल ऑइलपेंट दिला. फळी सगळा प्याली. दुसरा डबा आणला. तोही प्याली. आता जरा जड लागते. म्हणजे मजबूत झाली.

२८ एप्रिल, सकाळी
टेस्ट घेतली. स्वतः बसलो. फळी कुरकुरली. नवी वस्तू कुरकुरतेच. लगेच उतरलो. उगाच झिजवायची कशाला.

१ मे, अखाजी
ताईबाई आली. सोबत मेहुणे भाईदास. माझ्याकडे न बघता आत गेली. संध्याकाळी बायकोने तिला हाताला धरून झोक्यावर बसवलं. गल्लीतल्या बायका गाणी म्हणत होत्या. झोका मी दिला. पहिल्या झोक्याला ताईबाई हसली. दुसऱ्याला फळी मधोमध मोडली. आवाज अगदी बारीक. लाकूड उत्तम असल्याची खूण. ताईबाईचा आवाज मोठा होता.
भाईदास शांतपणे म्हणाले, "विमान पडनं, जीवरामभाऊ."

२ मे
कंबर धरली म्हणून ताईबाई आठवडाभर राहणार. कंबर निमित्त, ओढ माझी. मेहुणे एकटेच गेले. माझी खाट तिला दिली. मी जमिनीवर.

५ मे, दुपार
भयंकर उकाडा. माफीचं वाक्य पाठ केलं आणि तिच्यासाठी चहा घेऊन गेलो. दारातच थांबलो. वाक्य आठवेना. चहा निवला.
ती डोळे मिटूनच म्हणाली, "भाऊ, बाजूले सरक. वारा अडस."
दोन वर्षांनी भाऊ म्हणाली.
सरकलो.